जर्सीवरून उतरलेली शिवप्रिया

कळंबात घरोघरी पाण्याच्या टाक्या आहेत. पण दर रविवारी, ऐन मॅचच्या वेळेला टाकीत डोकवायला गच्चीवर चढणारा माणूस एकच, महालिंगप्पा. गल्ली त्यांना आप्पा म्हणते. आप्पा टाकीचं झाकण उघडायचे, परत लावायचे आणि मैदानाकडं तोंड करून जे उभे राहायचे ते मॅच संपेपर्यंत. टाकी भरलेली असो की खडखडीत, वेळ तेवढाच लागायचा.

"आप्पा, टाकीत मगर सोडलीय का काय?" खालून कुणीतरी विचारायचंच.

"शेवाळ धरायलंय," आप्पा मान न वळवता सांगायचे.

त्यातून मैदान दिसायचं अर्धंच. जिनिंगच्या पत्र्याच्या शेडनं पलीकडचा गोल पुरता झाकून टाकलेला. त्यामुळं मॅचची एक बाजू आप्पा डोळ्यांनी बघायचे आणि दुसरी कानांनी. शेडमागून आरडाओरडा झाला की तो आनंदाचा की दुःखाचा हे ठरवण्यात त्यांचा जीव अर्धा व्हायचा.

आणि याच आप्पांना गेल्या हिवाळ्यापर्यंत त्या मैदानात मान होता. मांजरा फुटबॉल क्लबच्या पोरांचे कपडे आप्पा करायचे. शिकल्यासवरल्या भाषेत सांगायचं तर ते क्लबचे स्पॉन्सर. बाजारात त्यांचं सुट्या चहापत्तीचं दुकान होतं आणि आपल्या हातानं मिसळलेल्या चहाला त्यांनी लेकीचं नाव दिलं होतं, शिवप्रिया चहा. लेक लग्न होऊन सोलापूरला गेली. नाव मागं राहिलं, ते जर्सीवर चढलं.

त्यांच्या बायकोनं, इरम्मानं, पहिल्या दिवशीच कपाळाला हात लावला होता. "आवं, लेकीचं नाव छातीवर लावून अकरा दांडगी पोरं गावभर पळणार? जावई काय म्हणतील?"

जावयानं काही म्हटलं नाही. एक जर्सी तेवढी मागवून घेतली, आणि ती घालून ते सोलापुरात दळण आणायला जातात अशी पक्की खबर आहे.

आप्पांना फुटबॉलमधलं कळायचं म्हणाल तर काही नाही. ऑफसाइड त्यांना आजवर पटलेला नाही. "पोरगं दुसऱ्याच्या पुढं गेलं, ही त्याची चूक व्हय?" असं ते पंचाला तोंडावर विचारत. पण हरलेल्या पोराला काय लागतं, हे त्यांना कळायचं. जिंकलात तर आपापल्या घरी जा, हरलात तर माझ्याकडं चहाला या, असा त्यांचा नेम. आणि मांजरा क्लबचा खेळ असा, की आप्पांचं पातेलं क्वचितच कोरडं राहिलं.

मग हिवाळ्यात आप्पांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाकातला वास घेऊन गेला. मोगऱ्याला वास नाही, फोडणीला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. आप्पांनी चहाच्या पोत्यात तोंड घालून बघितलं. हाताला पत्ती लागत होती, नाकाला मातीसुद्धा लागत नव्हती. इरम्मानं काही दिवस त्यांच्या वतीनं वास घेतला. पण त्या बाईला जगातला सगळाच चहा चांगला वाटतो. अशा नाकावर धंदा कसा चालायचा?

"ज्याचा वास मलाच येत न्हाय, त्याला लेकीचं नाव कसं देऊ?" आप्पा म्हणाले, आणि दुकान बंद केलं. तिथं आता मोबाईल दुरुस्तीवाला बसतो.

क्लबचा कप्तान श्रीशैल, त्याला आप्पांनी स्वतःच घरी बोलावून सांगितलं, "आपलं नाव उतरवा. दुसरा कुणी बघा."

"राहू द्या की, आप्पा. तुमच्याकडनं काही नको आम्हाला. जुन्या जर्सीत खेळतो."

"अन् जाहिरात कशाची? माणसं दुकानात येऊन मोबाईलवाल्याला पावशेर चहा मागतील. खोटं न्हाय चालत, लेका."

अशा रीतीनं मांजरा क्लबचा स्पॉन्सर गेला. पोरं काही महिने ज्याच्या घरी जो रंग असेल तो घालून खेळली. एकदा तर चुकून समोरच्या संघाच्याच रंगाचा शर्ट एकानं घातला आणि निम्मी मॅच त्यांचेच पास घेत राहिला. शेवटी यज्ञेश सर भेटले. सरांचे क्लासेस जोरात. त्यांनी कडक निळ्या जर्स्या करून दिल्या. पुढं 'यज्ञेश सरांचे क्लासेस' आणि पाठीवर 'गणिताची भीती? आजच भेटा'. दहावीला गणितात दोनदा आपटलेला श्रीशैल ही पाठ घेऊन गल्लीतून जायला लागला, तेव्हा गल्लीला बरेच दिवस दुसरा विषय लागला नाही.

आप्पा मात्र मैदानात यायचे थांबले. विचारलं की गुडघा दाखवायचे. गुडघा असा शहाणा की त्याला मैदानाची सपाट वाट चालायची नाही, आणि गच्चीचा उभा जिना चालायचा.

एका आठवड्यात श्रीशैल बोलवायला आला. रविवारी बार्शीच्या संघाशी मॅच होती. आप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते, इरम्मा शेजारी दाणे निवडत होत्या.

"आप्पा, या की रविवारी. तुम्ही न्हाय तर मैदान रिकामं वाटायलंय."

"मी येऊन कोण म्हणून बसू रे? आता कपडे सरांनी केलेत. आहेर केला न्हाय अन् मांडवात पुढं जाऊन बसलो, तर माणसं काय म्हणतील? म्हातारा सवयीनं आलाय म्हणतील."

 श्रीशैल चपला घालायला लागला, तशा इरम्मा दाण्याची फोलं टाकायचं निमित्त करून फाटकापर्यंत मागोमाग गेल्या.

"का रे, इतकी वर्षं कपडे घेतलेत. परतीचा आहेर केलाव का कवा?"

"परतीचा? न्हाय, आज्जी."

"मग? आहेर एकाच अंगानं झाला तर ती सोयरीक होत न्हाय, ते दान होतंय. दान करणारा, द्यायचं सरलं की उठून जातो. सोयरा जात न्हाय. टॉवेल-टोपी आणा. अन् मी सांगितलं म्हणू नको, न्हायतर तुझ्या पाठीवरचं मोठ्यानं वाचीन."

श्रीशैलनं पोरांच्या ग्रुपवर निरोप टाकला, आप्पांना टॉवेल-टोपी करायची. किती आणि कुणी आणायची, हे लिहायचं राहिलं. आता कळंबातल्या कुठल्या आईला चालेल, की आहेराच्या वेळी आपला लेक दुसऱ्याच्या टोपीमागं रिकाम्या हातानं उभा राहिला? रविवारी दुपारी अख्खा संघ निळ्या जर्सीत आप्पांच्या दारात आला, आणि प्रत्येकाच्या हातात एक टॉवेल, एक टोपी. एकमेकांकडं बघून पोरांनाच हसू फुटलं.

आप्पांना खुर्चीत बसवलं. पोरांनी कुंकू आणलं होतं; इरम्मानं विभूतीचा डबा पुढं सरकवला. गोलकीपरनं आयुष्यात पहिल्यांदाच विभूती लावली, ती कपाळावरून निघून कानापर्यंत गेली. मग टोप्या. आधीच्याची टोपी काढून आपली घालायची म्हणजे आधीच्याचा अपमान. म्हणून टोपीवर टोपी चढत गेली. टॉवेल खांद्यावर, मानेत, मांडीवर. आप्पा मान ताठ धरून बसले होते, कारण हलले असते तर मनोराच कोसळला असता.

"येडी रे येडी पोरं," एवढंच ते म्हणत होते, आणि ते सुद्धा नीट ऐकू येत नव्हतं.

जुन्या सवयीनं त्यांनी वरचा टॉवेल नाकाशी नेला. थांबले. इरम्मानं तो त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः हुंगला.

"खळीचा वास आहे. कोरं कापड." मग दुसरा हुंगला. "हा डांबरगोळीचा. कुणाच्या तरी आईनं पेटीतला काढून दिलाय."

मागच्या रांगेतलं एक पोरगं जर्सीच्या बाहीला नाक पुसत दुसरीकडं बघायला लागलं.

"आप्पा, आहेर घेतलाव," श्रीशैल म्हणाला, "आता मांडवात यावं लागतंय."

"ह्या गुडघ्यानं?"

"जावा तुम्ही," इरम्मा म्हणाल्या. "टाकी मी बघते."

आप्पा गेले. टोप्यांचा ढीग टॉवेलात बांधून घेतला, डोक्यावर एक ठेवली. मैदानाच्या कडेला यज्ञेश सर मोबाईल बघत बसले होते. त्यांनी अदबीनं शेजारची खुर्ची दिली. पोरं मात्र रीतीप्रमाणं खेळली. मध्यंतराला बार्शीचे दोन गोल, आपला एकही नाही. सर उठले, पँट झटकली.

"चलतो आप्पा. एक्स्ट्रा क्लास ठेवलाय. तसंही आज काही खरं दिसत नाही."

"बसा सर."

सर बसले. आप्पांचा आवाजच तसा होता, वर्गात सरांचा असतो तसा.

"जिंकताना कुणीबी बसतंय. कपडे करणाऱ्यानं हरताना बसायचं असतंय. दुसरं काय काम आहे आपल्याला?"

"पण मला फुटबॉलमधलं काही कळत नाही."

"मला कुठं कळतंय. नुसतं दिसायचं त्येंला."

सरांनी क्लासवर फोन लावला आणि पोरांना सोडून द्या म्हणाले. पलीकडून जो जल्लोष झाला तो आप्पांनाही ऐकू आला.

खेळ परत सुरू झाला. थोड्याच वेळात बार्शीचा तिसरा गोल झाला. श्रीशैल गुडघ्यांवर हात टेकून वाकला, मग सरळ होऊन त्यानं कडेला बघितलं.

"हात वर करा," आप्पा म्हणाले. "तुम्हाला बघायलंय पोरगं."

"मला नाही आप्पा, तुम्हाला बघतोय."

"अंगात कपडे तुमचे हायत त्याच्या. करा वर."

सरांनी लाजत, अर्धवट हात वर केला. आप्पांनी त्यांचं कोपर धरून तो आणखी वर उचलला, आणि आपलाही दुसरा हात वर केला.