चंदीगड काय भाव?

आबांनी डोक्यावरची टोपी काढायची, खिशातलं काळं क्रेडिट कार्ड त्या टोपीनंच पुसायचं, टोपी परत डोक्यावर ठेवायची आणि कार्ड माझ्या टेबलावर माझ्याकडं तोंड करून मांडायचं. मग विचारायचं, “शेठ, सांगा आता. हे ठेवायचं का टाकायचं?”

दर वर्षी कार्डाची फी लागायचा महिना आला की हा प्रसंग माझ्या दुकानात घडायचा. मी शेठबिठ कोणी नाही. बारामतीत एसटी स्टँडजवळ माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. रेल्वे, लक्झरी, विमान, जे मागाल ते. पण टेबलामागं बसलेला माणूस म्हणजे शेठ, असा आबांचा हिशेब होता आणि तो मोडायला मी कधी गेलो नाही.

आबा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून रिटायर झालेले. पणदऱ्याच्या बाजूला त्यांची थोडी जमीन आहे. कोणाचा ऊस कधी तुटणार, हे ज्यांच्या हातात असतं त्या माणसांपैकी ते एक. तोडणीची पाळी अलीकडं घ्या म्हणून लोक त्यांच्या हातापाया पडले, रुसले, लग्नातली बोलावणी बंद केली. पण आबांनी कधी पाळी मोडली नाही. असा माणूस विनवण्यांना सहजासहजी पाघळत नाही. तो पाघळला बँकेतल्या एका टाय लावलेल्या पोरासमोर. फंडाची रक्कम ठेवीत ठेवायला गेलेले आबा घरी आले ते खास ग्राहकांसाठी असलेलं कार्ड घेऊन. पहिलं वर्ष फी माफ होती. दुसऱ्या वर्षी ती लागली आणि आबा माझ्याकडं आले, कारण कार्डाचे बहुतेक फायदे प्रवासाचे होते आणि त्यांच्या ओळखीत प्रवासाचं कळणारा मी एकटा.

आम्ही एकेक फायदा तपासायला घेतला.

“विमानतळावर लाउंज असतं,” मी म्हणालो. “मऊ खुर्च्या, चहा-नाष्टा. तुम्हाला फुकट आणि सोबत एक पाहुणा फुकट.”

“कुनीबी जाऊन बसायचं?”

“विमानाचं तिकीट लागतं.”

“म्हंजी ऊस घातल्याबिगर साखर न्हाय. बरं, फुडं.”

पुढं प्रवासात सामान हरवलं तर भरपाई होती. “आन न्हाय हरवलं तर?” आबांनी विचारलं. तर काही नाही, मी म्हणालो. “म्हंजी नीट सांभाळणाऱ्याचं नुकसान,” असं म्हणून त्यांनी तो फायदा बाद केला. मग गोल्फ निघाला. गोल्फचं मैदान किती एकराचं असतं, त्याला पाणी कुठून देतात, एवढ्या रानात नुसतं गवत कोण ठेवतं, यावर त्यांनी मला इतकं छळलं की शेवटी मीच म्हणालो, आबा, गोल्फ सोडा.

एक फायदा मात्र त्यांना मनापासून आवडला. कार्डाच्या मागं एक नंबर होता. त्यावर कधीही फोन करा, पलीकडची मुलगी तुमचं काम करून देणार. हॉटेल, गाडी, फुलांचा गुच्छ, काय वाटेल ते. आबांनी ऐन हंगामात फोन लावला आणि ऊस वाहायला ट्रॅक्टर-ट्रॉली मागितली. ती बिचारी कुठं दिल्लीकडं बसलेली. तिनं दोन दिवसांनी उलट फोन करून सॉरी म्हटलं. आबा म्हणाले, “असू दे बाळ. हंगामात कारखान्यालाबी गावत न्हाय. तू जेवलीस का?” तेव्हापासून मधूनमधून ते तिला काही न मागताच फोन करायचे.

सगळं तोलून झालं की फी जड भरायची, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्याही यायचं. आबांच्या तर माझ्या आधी यायचं. तरी ते कार्ड उचलून पाकिटात ठेवत आणि म्हणत, “ह्या साली राहू द्या.”

मग उठत, दारापर्यंत जात, चपला घालत आणि माझ्याकडं न बघता विचारत, “चंदीगड काय भाव?”

कांद्याचा विचारावा तसा. मी कॉम्प्युटरवर बघून पुणे-चंदीगडचं भाडं सांगायचो. ते “हं” म्हणायचे आणि जायचे. फी वर्षातून एकदा लागायची. चंदीगडचा भाव आठवड्याला निघायचा.

माझ्या धंद्यात जाणारा माणूस कोणता आणि नुसता विचारणारा कोणता, हे लगेच कळतं. आबा मला कळेनात. कळलं ते काकूंमुळं, म्हणजे त्यांच्या मंडळींमुळं. गुडघ्यावर हात ठेवून दुकानाच्या पायऱ्या चढत त्या एकदा एकट्याच आल्या. पाणी प्याल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. त्यांची एकुलती एक मुलगी चंदीगडला असते. पुण्यात शिकताना तिनं चंदीगडच्याच एका मुलाशी लग्न ठरवलं. आबांनी नाही म्हटलं, तिनं केलं. लग्नाला हे दोघं गेले नाहीत. काकू तिच्याशी चोरून फोनवर बोलायच्या आणि ते चोरून बोलणं आबा शेजारच्या खोलीतून ऐकायचे.

“बोलवतीया की वं ती. दरसाली बोलवती,” काकू म्हणाल्या. “माझ्या गुडघ्यानं दोन दिस रेल्वेत बसवत न्हाय. ह्यास्नी इचारलं की म्हंत्यात, कार्डाचं पॉइंट साठू द्या, मग फुकट जाऊ. आता आधी काय पिकतंय बघते, कार्ड का मी.”

तेव्हा मला उलगडा झाला. मी चुकलो म्हणून जातो, असं आबा मेले तरी म्हणणार नव्हते. मुलीची आठवण येते म्हणून जातो, हेही नाही. पण कार्डाचा फायदा वाया चाललाय म्हणून जातो, हे ते गावात मान वर करून सांगू शकले असते. ते कार्ड टाकलं असतं तर चंदीगडला जायची त्यांची एकमेव वाट बंद झाली असती. फी त्यासाठी होती. मला पहिल्यांदाच त्यांची दया आली आणि थोडा रागही आला.

पुढच्या वर्षी बँकेनं नियम बदलला. मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च कार्डावर केला असेल तरच लाउंज. आबा थेट शाखेत गेले. मीही बरोबर होतो. नसतो तर बरं झालं असतं. वर्षाची फी भरणारा तो सभासद, ही आपल्याकडची रीत. कारखान्याचा सभासद असलं की दिवाळीला साखर आणि वर्षाला एक सभा. आबांनी मॅनेजरला शांतपणे विचारलं, “पोटनियम बदलला, तर वार्षिक सभा कधी घेतली? मला नोटीस न्हाय आली.”

मॅनेजर बाहेरगावचा, वयानं लहान. तो म्हणाला, “सर, अशी सभा नसते.”

“मग ठराव कुनी मांडला? अनुमोदन कुनी दिलं?”

मॅनेजरनं चहा मागवला. आबांनी चहा घेतला, निषेध तोंडी नोंदवला आणि आम्ही बाहेर पडलो.

एवढा खर्च एकट्या आबांच्यानं होणं शक्य नव्हतं. मग त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं, पाळ्या लावल्या. भावकी, शेजारी, डेअरीवर भेटणारी माणसं, सगळ्यांना सांगितलं: मोठी खरेदी असली की मला हाक मारा, कार्ड मी घासतो, पैसे मला रोख द्या. कोणाच्या ट्रॅक्टरचे टायर कधी, कोणाचं खत कधी, कोऱ्हाळ्याच्या पाहुण्यांचा फ्रीज कधी, हे उसाच्या तोडणीसारखं बसवलं. एकाला टायर पंधरा दिवस आधी हवे होते. आबा म्हणाले, “पाळी यीऊ दे.” तो पंधरा दिवस गुळगुळीत टायरवर फिरला.

यातून एक झालं. लाउंज सगळ्या गावाचं झालं. आबा रस्त्यानं निघाले की लोक विचारायचे, “कवा जायाचं खायाला? माझं टायर हायत त्यात.”

आणि मग चंदीगडला नात झाली. काकूंनी ती बातमी चोरून ऐकली नाही. फोन ठेवला आणि आबांसमोर उभ्या राहून मोठ्यानं सांगितली. दुसऱ्या दिवशी आबा माझ्याकडं आले. कार्ड पुसलं, मांडलं आणि ठेवायचं का टाकायचं हे न विचारता म्हणाले, “दोन काढा. तिकीट पॉइंटात, नाष्टा कार्डात. आपल्या खिशातनं काय न्हाय. त्यातलं एक जरी चुकलं तर मी माघारी फिरनार.”

मी तिकिटं काढली. जाण्याच्या दिवशी माझ्याच गाडीतून दोघांना पुणे विमानतळावर सोडलं. विमानाला चार-साडेचार तास होते; नाष्टा नीट करता यावा म्हणून आबांनी तेवढं लवकर निघायला लावलं होतं. ते आत गेले आणि मी मात्र परत निघालो नाही. ‘माघारी फिरनार’ हे त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं फोन आला. “शेठ, गेला का तुमी?”

“नाही. इथंच आहे.”

“थांबा जरा.” आणि फोन बंद.

आत काय झालं ते काकूंनी मला नंतर सांगितलं. लाउंजच्या दारातल्या मुलीनं कार्ड मशीनला लावलं आणि परत दिलं. आबांनी टोपी काढली, कार्ड पुसलं, पुन्हा दिलं. तिनं पुन्हा परत केलं. मागच्या तिमाहीचा खर्च कमी पडला होता. मागं रांग लागली होती, म्हणून आबा बाजूला झाले. समोरच्या लोखंडी खुर्चीवर काकूंनी बसकण मारली आणि पिशवीतून धपाट्यांचा डबा काढला.

आबा उभेच. “चला माघारी. शेठ भाईर हायत.”

काकूंनी धपाट्याचा तुकडा मोडला, शेंगदाण्याच्या चटणीला लावला आणि वर न बघता म्हणाल्या, “तुमी जावा. माझं तिकीट माझ्यापाशी हाय. मी लेकीकडं चालले, नाष्ट्याला न्हाय.”

आबा किती वेळ उभे होते ते काकूंना सांगता येईना. मग ते शेजारी बसले. तेवढ्यात मुलीचा फोन आला. काकूंनी तो उचलला आणि तसाच आबांच्या कानाला लावला.

“आई, आबा आलेत ना गं? लाउंजमध्ये बसलाय ना?” पलीकडून मुलगी विचारत होती.

आबांनी फोन हातात घेतला. “व्हय,” ते म्हणाले. “बसलोय. लई हाय हितं खायाला.” मग आबा म्हणाले, “तुज्या आईनं धपाटी आनल्यात. त्यातली तुला ठेवतो.”

काकू सांगत होत्या, मुलगी रडली आणि आबांनी ते सगळं ऐकलं, फोन काढला नाही.

मला त्यानंतर फोन आला. “शेठ, जावा तुमी,” एवढंच. मी गाडी सुरू केली आणि बारामतीपर्यंत उगाचच गाणी लावत आलो.

महिन्याभरानं दोघं परतले. डेअरीच्या कट्ट्यावर माणसं जमली, कारण प्रत्येकाचं काही ना काही त्या कार्डात होतं. आबांनी उभं राहून लाउंजचा अहवाल दिला. खुर्च्या मऊ. चहा पाहिजे तेवढा, जरा पांचट. इडली, उपमा, कापलेली पपई. माणसं अदबीची. टायरवाल्यानं टाळ्या वाजवल्या. आलेल्या माणसांत काकूंचे इंदापूरचे भाऊही होते. त्या तिमाहीत त्यांच्या डाळिंबाच्या बागेचं ठिबक कार्डावर घ्यायचं ठरलं होतं. दुकानदारानं रोखीला सूट दिली म्हणून त्यांनी परस्पर रोख भरून टाकलं आणि गप्प राहिले. आबांनी सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आणि शेवटी मेहुण्याकडं बघत म्हणाले, “फुडच्या बारीला पाळी कुनी मोडू नका.” मेहुण्यांनी मान खाली घातली. लाउंजचं खरं आबांना, मेहुण्यांना, काकूंना आणि मला, एवढ्यांनाच माहीत आहे. आता तुम्हालाही.

पुढं जाणं वाढलं. आधी दिवाळीला, मग उन्हाळ्याला. आता नात शाळेत जाते आणि तिला पोचवायला आबा जातात. जमीन मेहुणे बघतात. पणदऱ्याच्या घराला बराच काळ कुलूप आहे. गावातलं कोणीतरी अजूनही माझ्याकडं येतं आणि विचारतं, “आबांचं कार्ड चालू हाय न्हवं? पाइपाचं बिल हाय.” मी चालू आहे म्हणतो, पण तुमची पाळी नाही म्हणतो. ते ऐकून माणूस परत जातो.

यंदा फीच्या महिन्यात माझ्या टेबलावर कार्ड आलं नाही. मी दोनदा दाराकडं बघितलं, खोटं कशाला बोलू. आबा बसायचे त्या खुर्चीवर हल्ली गिऱ्हाइकांच्या पिशव्या असतात आणि मला ते आवडत नाही. मग एका दुपारी त्यांचाच फोन आला.

“शेठ, कार्ड टाकलं. बंद केलं.”

“का हो आबा?”

“आता कशाला पायजे? पर गावात बोलू नका. लोकांचं टायर हायत त्यात.”

मागून एक लहान मुलगी त्यांना हाका मारत होती, “आबा, चलो ना, लवकर!” आबा तिला “आलो, आलो” म्हणाले. फोन ठेवतील असं मला वाटलं. पण ते थोडं थांबले आणि म्हणाले, “पुणं काय भाव?”

मी बघून सांगितला.

“महाग हाय,” आबा म्हणाले. “ह्या साली राहू द्या.”