गवतकाप्या यंत्राचा दमा

तमाम कामगार बंधूंना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या कंपनीच्या गवत कापायच्या यंत्रास दसऱ्यानंतर दम्याचा विकार जडला आहे. सबब सर्वांनी शोक आवरून, जेवणाच्या सुट्टीत डब्यासह हिरवळीच्या कडेला जमावे.

ही दवंडी कारखान्याच्या शॉपमध्ये मीच पिटली, आणि सत्तरच्या दशकातल्या आमच्या पिंपरीत याहून चांगला तमाशा फुकटात कुठेही लागला नव्हता.

नायक होता मेंटेनन्सचा फिटर. मॅनेजरसाहेबांनी त्याला सांगितलं होतं, "परदेशी पाहुणे यायच्या आत हिरवळ कापून झाली, तर चार्जहँडच्या बढतीसाठी तुमचं नाव पुढे करतो." झालं! तेव्हापासून गडी आमच्याशी आधीच चार्जहँड झाल्यासारखा बोलायला लागला. चहासाठी रांगेत उभं राहणं त्यानं सोडलं. त्याला तोंडघशी पडलेला बघायला आम्ही सगळे किती आसुसलो होतो, काय सांगू!

यंत्र सुरू व्हायचं ते अगदी गुणी बाळासारखं. हिरवळीच्या मध्यावर गेलं की त्याला उचकी लागायची. आवाज चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा, आणि शेवटी खोकून बंद.

फिटरनं प्लग घासला. पेट्रोल भरलं, दोरी ओढली, यंत्र घुमलं. "बघा, गेला दमा!" त्यानं हात वर केले. पाच मिनिटांत यंत्र आडवं. मग कार्बोरेटर उघडून जेट फुंकला. पेट्रोल भरलं, यंत्र घुमलं, हात वर. यंत्र आडवं. मग वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग बदलली. प्रत्येक वेळी आम्ही टाळ्या वाजवायचो, आणि उचकी लागली की त्याहून मोठ्यानं.

"राव, याला ससूनला न्या!"

"आधी कांदा हुंगवा, भाऊ!"

शेवटी त्याला गुन्हेगार पाहिजे होता. तो माळ्याकडे वळला. माळी गावातला, वयानं त्याच्या बापासारखा. "यानंच पेट्रोलमध्ये घासलेट घातलंय."

"आईशपथ, म्या न्हाई घातलं."

"मग काय तुझ्या म्हशीनं घातलं? ये, हुंग. सगळ्यांसमोर हुंग!"

म्हातारा वाकून टाकीत नाक घालून हुंगत होता आणि आम्ही भाकरी चावत हसत होतो. छान चाललं होतं.

त्याच वेळी साहेब स्वतः आले. "चालवा बघू." यंत्र पुन्हा गुणी बाळासारखं निघालं, पुन्हा मध्यावर रडायला लागलं. साहेब वैतागले. पेट्रोल संपलं की काय, म्हणून त्यांनी चालत्या यंत्राच्या टाकीचं झाकण स्वतःच्या हातानं फिरवलं. फुस्स आवाज झाला, आणि मरायला टेकलेलं यंत्र असं काही गर्जलं की माळी दोन पावलं मागे सरला.

साहेबांनी झाकण उन्हात धरलं. त्याच्या मधोमध टाकीत हवा जाण्यासाठी सुईएवढं भोक असतं. त्या भोकावर हळद-कुंकवाचं गंध सिमेंटसारखं घट्ट बसलं होतं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. झाकण उघडून पेट्रोल भरलं की तेवढ्यापुरता श्वास, आणि फिटरला वाटायचं, आपल्याच हाताचा गुण.

"हे कुणी लावलं?" साहेबांनी विचारलं.

खंडेनवमीला प्रत्येक यंत्राच्या कपाळी गंध लावायचा मान मेंटेनन्सचा. आणि या यंत्राचं सगळ्यात उंच टोक ते कपाळ, असं ठरवून, गंध चांगलं घट्ट कालवून, अंगठ्यानं दाबून कुणी बसवलं होतं, हे शॉपमधल्या उंदरालाही ठाऊक होतं. आम्ही फक्त आनंदानं फिटरकडे बघत राहिलो.

त्याच्या डोळ्यांसमोर चार्जहँडची खुर्ची हलली असावी. "माळ्यानं लावलं, साहेब," तो म्हणाला.

माळ्यानं तोंड उघडलं, पण साहेबच आधी बोलले. अगदी हळू, गोड आवाजात. "मी तिथेच होतो. तुम्ही गंध लावलंत आणि नारळ मी फोडला."

इथे गप्प बसला असता, तर बढती कदाचित वाचली असती. साहेब धार्मिक होते, भोकावरचं कुंकू त्यांनी पोटात घातलं असतं. पण भर हिरवळीत, अख्ख्या शॉपसमोर, आमचा भावी चार्जहँड साहेबांवरच ओरडला,

"मग तेव्हाच सांगायचं होतं ना!"