अमीनाभाभीचा अंगठा

कापडाला कात्री लावण्याआधी अमीनाभाभी तीनदा विचारायची. "कापू? कापू की? बघ, कापते हां." तिसऱ्यांदा हो आलं तरच कात्री चालायची. उचगावच्या बायका तिला हसायच्या. मीही हसायचे.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मी तिच्याकडे शिवण शिकत होते. कोल्हापुरात एका प्रदर्शनात शिवणाच्या मासिकाचा अंक फुकट मिळाला. त्यासाठी कागदावर नाव-पत्ता लिहून सही दिली. मग दर महिन्याला टपालानं अंक यायला लागला. हाही फुकटच असेल म्हणून मी ठेवून घेत गेले. वर्षानं वकिलाची नोटीस आली. सहीच्या खाली बारीक अक्षरात छापलं होतं म्हणे, नको असल्यास कळवावे, न कळवल्यास होकार समजून वर्गणी दरसाल चालू राहील. सरलेल्या आणि पुढच्या, अशा दोन वर्षांचे पैसे भरा, नाहीतर कोर्ट.

मी चौथी शिकलेली. कोर्ट म्हणजे पोलीस आणि पोलीस म्हणजे बेड्या, एवढंच मला कळत होतं. नोटीस पिठाच्या डब्यात लपवली. नवऱ्याला सांगितलं नाही. त्यानं घराबाहेर काढलं असतं. दारात सायकलची घंटा वाजली की पोलीस आला समजून मी परसात पळायचे.

ब्लाउजची बाही मी उलटी जोडली, तेव्हा भाभीनं मला धरलं. सगळं ऐकून तिनं विचारलं, "दरसाल घेणार, असं बोललीस तू?"

"न्हाय. गप बसले."

"गप बसणं म्हंजे व्हय न्हवं. आमच्यात नवरीलासुदिक तीनदा इचारत्यात, कबूल हाय का म्हणून."

"आमच्यात कुणी इचारत न्हाय."

"म्हणूनच फसलीस."

तिनं सांगितलं तसं मी लिहिलं. मला विचारलं नाही, मी हो म्हटलं नाही, तुमचे अंक घेऊन जावे. तिला अक्षर येत नव्हतं. साक्षीदार म्हणून तिनं खाली अंगठा उठवला आणि म्हणाली, "आता नेलं तर दोघींस्नी नेतील." मला धीर आला. पत्र रजिस्टर पोस्टानं धाडलं.

महिनाभरानं पोच आली. पुढं ना अंक आला, ना नोटीस. गिऱ्हाइकाच्या बाजूचा कायदा पुष्कळ वर्षांनी झाला, असं ऐकते.

भाभी गेली तेव्हा तिच्या सुनेनं मला सांगितलं. पोच येईपर्यंत भाभी भरदिवसा आतून कडी लावून मशीन चालवायची. घरच्यांना बजावलं होतं, "पोलीस आलं तर सांगा, अम्मी आजऱ्याला गेलीया." माझी शिकायला यायची वेळ झाली, की तेवढी कडी काढून ठेवायची.