भाऊजींचं मळकं विमान

नवी कोरी वस्तू घरात आणायची आणि मग पंधरा-पंधरा दिवस मन लावून ती मळवायची, असा उद्योग करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. तो माझा दीर होता. नील आणि इरा, तुमच्या आजोबांचा हा धाकटा भाऊ तुम्ही आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये पाहिला आहे. सगळे कॅमेऱ्याकडे बघत आहेत आणि एक उंच, किडकिडीत मुलगा मान वर करून आकाशाकडे बघतो आहे, तोच तो. वरून विमान चाललं होतं. फोटोग्राफरने तीनदा हाक मारली, पण विमान दिसेनासं झाल्याशिवाय त्यांची मान खाली आली नाही. मी त्यांना भाऊजी म्हणत असे, इथेही तसंच म्हणते.

भाऊजी प्लास्टिकची विमानं करत. युद्धातली, खऱ्याच्या बहात्तर पट लहान. त्यांना खेळणी म्हटलेलं मात्र खपत नसे. "वहिनी, खेळणं पडलं तर मूल रडतं. हे पडलं तर मी रडेन," असं ते सांगत. बोटीवर नोकरी करणारा एक मित्र त्यांना परदेशातून खोकी आणून देई. खोक्यात काड्यांना लगडलेले सुटे भाग असत, आणि ते सोडवण्यासाठी भाऊजींना आमच्या घरातलं नेलकटर लागे. माझ्या घरात प्रत्येक वस्तूला जागा ठरलेली. नेलकटरची जागा आरशाखालचा वरचा खण. भाऊजी आमच्याकडे बावीस वर्षं राहिले. तेवढ्या काळात नेलकटर त्या खणात मी फार तर चारदा पाहिलं असेल. घरातल्या सगळ्यांची नखं विमानांच्या सोयीने कापली जात.

आम्ही तेव्हा ठाण्याला कोपरीत राहत होतो. दोन खोल्या आणि एक बंद केलेली गॅलरी. गॅलरी भाऊजींची. मानपाड्याजवळच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. दिवसभर तिथे रेघा मारून यायचे आणि संध्याकाळी एका चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून, तीन केसांच्या ब्रशने पुन्हा रेघा मारायला बसायचे. रंग लावताना श्वास रोखून धरायचे. एकदा नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली आणि एका बॉम्बफेकी विमानाच्या पंखावर हिरवा फराटा उमटला. भाऊजींनी ते विमान बरोबर ओट्यासमोर, माझ्या नजरेच्या रेषेत टांगलं. दुसऱ्या दिवशी मी कुकरचं वेळापत्रक लिहून भिंतीला लावलं. सात वाजेपर्यंत शिट्ट्या, त्यानंतर रंग.

काही विमानांना पुढे एक चाक आणि मागे दोन असतात. प्लास्टिक हलकं, त्यामुळे नाकात वजन भरलं नाही तर असं विमान हट्टी मुलासारखं शेपटीवर बसतं. या वजनासाठी भाऊजी मासळीवाल्या पारूबाईकडून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या घेत. टोपली उतरवता उतरवता ती विचारी, "काय भाऊ, तुमचा इमान पापलेट धरतंय का बोंबील?"

"अजून काही लागलं नाही, पारूबाई."

"लागंल कसा? येलेवर लगीन केला असता तं कायतरी लागला असता!"

भाऊजी गोळ्या मोजून खिशात घालत आणि आत येत. लग्नाचा विषय त्यांच्याकडे एवढ्यावरच संपे. स्वतः विमानात मात्र ते कधी बसले नाहीत. तुमच्या आजोबांनी एकदा दिल्लीला विमानाने जाऊ या असं सुचवलं, तर म्हणाले, "आत बसलं की ते दिसत नाही, दादा." आणि आगगाडीने गेले.

आता त्या मळवण्याविषयी. विमान जोडून, रंगवून, पाण्यात भिजवलेली गोल चिन्हं पंखांवर चिकटवून झाली की मला ते पूर्ण झाल्यासारखं वाटे. सुरेख चकचकीत दिसे. भाऊजींचं खरं काम तिथून पुढे सुरू होई. पेन्सिलीची पूड, खडूची पूड, पाणचट केलेला तपकिरी रंग. चाकांना चिखल, तोफेच्या तोंडामागे धूर, पोटाखाली तेलाचे ओघळ. मी म्हणे, "अहो, इतकं छान झालं होतं!" ते म्हणत, "वहिनी, कारखान्यातून निघालेलं विमान अजून कुणाचंच नसतं. कुणाचा हात लागला, की मग ते त्याचं." त्यांचा एक नियमही होता. मळ कुठून आला हे माहीत असल्याशिवाय तो लावायचा नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. मुलांच्या वह्यांवरचे शाईचे डाग पाहून मला त्यांचा हा नियम आठवे आणि हसू येई.

त्यांच्या कारखान्यात बाळारामदादा नावाचे एक वयस्कर शिपाई होते, डोंबिवलीजवळच्या कोपर गावचे. त्यांचा एकुलता मुलगा काशिनाथ हवाई दलात मेकॅनिक होता. विमानं उडवणारा नव्हे, उडण्याजोगी ठेवणारा. एकाहत्तरच्या युद्धात तळावर बॉम्ब पडले, त्यात तो गेला. एका रविवारी बाळारामदादा आमच्याकडे आले ते रुमालात गुंडाळलेला एक फोटो घेऊन. एका लहानशा लढाऊ विमानाच्या पंखावर हात ठेवून काशिनाथ उभा होता, आणि विमान धुराने, तेलाने बरबटलेलं होतं.

"सायब, माजे घरवालीला यो इमान पायजे," ते म्हणाले. "तिचे डोले गेले. फोटू दिसत नाय तिला. हातात घेऊन बघीन म्हनते, काशी कशापाशी उभा होता तो."

काशिनाथची तिथी सहा आठवड्यांवर होती. भाऊजींनी फोटो दोन्ही चष्म्यांतून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "तिथीला घेऊन येतो."

त्या विमानाला लागलेले कष्ट मी पाहिले आहेत. फोटोतला एकेक डाग त्यांनी भिंगाने मोजून कागदावर काढला होता. काशिनाथच्या हाताला लागूनच पंखावर त्याच्या हाताचा एक गडद ठसा होता, तोही त्यांनी उतरवला. तिथीच्या आदल्या बुधवारी ते म्हणाले, "वहिनी, झालं. आता वरून एक वॉर्निशचा हात मारला की मळ पक्का होईल. वॉर्निश तेवढं संपलंय, शनिवारी आणतो." तिथी रविवारी होती.

शनिवारी सकाळी ते कारखान्यात गेले आणि मी गॅलरी आवरायला घेतली. ते विमान टेबलावर होतं. दुसऱ्या दिवशी ते एका दुःखी आईच्या हातात जायचं होतं आणि मला ते फार घाण दिसलं. नियम मला ठाऊक होता, फोटो मी पाहिला होता, तरी माझ्या मनात काय आलं असेल? हेच, की कुणाच्या घरी अशी मळकी वस्तू कशी द्यायची? निदान वरची धूळ तरी काढावी. मी जुना दात घासायचा ब्रश घेतला, साबणाचं पाणी घेतलं, आणि फार हलक्या हाताने, फार प्रेमाने ते विमान लख्ख धुतलं. मग टॉवेलवर वाळत ठेवलं.

संध्याकाळी भाऊजी वॉर्निशची बाटली घेऊन आले. टॉवेलसमोर उभे राहिले. मी चहा घेऊन गेले तेव्हाही तसेच उभे होते.

"वहिनी, याला काय झालं?"

"धुतलं मी. किती घाण झालं होतं." हे वाक्य तोंडातून निघता निघताच मला कळलं. हातातला कप मी टेबलावर ठेवला.

भाऊजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "साबण कुठला वापरलात? रंगाला काहीच झालं नाही. चांगला आहे." मग बाही वर सारली. "तुम्ही धुतलंत ना? आता तुम्हीच मळवा. माझ्या एकट्याच्या हाताने आज होणार नाही."

त्या संध्याकाळी कुकर लागला नाही. सगळ्यांनी दूध-पोहे खाल्ले. मी रॉकेलच्या स्टोव्हची काजळी चमच्यावर धरली आणि भाऊजींनी मला धूर लावायला शिकवलं. मी नीटनेटकेपणाने दोन्ही बाजूंना सारखेच पट्टे ओढले, तर म्हणाले, "अहो, ही रांगोळी नाही. वारा कुठून येतो? धूर तिकडे जाईल. आणि हे काय, ओघळ काढताना पट्टी लावलीत?" तुमचे आजोबा दारातून म्हणाले, "अरे, तिला आज प्रथमच घाण करायला परवानगी मिळाली आहे, जरा सांभाळून घे." पंखावरचा हाताचा ठसा भाऊजींनी मला करायला लावला. काजळीत रॉकेलचा थेंब घालून, त्यात अंगठ्याचं टोक बुडवून, एकदाच टेकवायचं. "पुसायचं नाही हं," ते म्हणाले. मी हात मागे बांधून उभी राहिले.

सगळं आटोपल्यावर ते जेवायला उठले. "वॉर्निश तुम्ही मारा," त्यांनी मला सांगितलं. मी मारलं, नेहमीच्या व्यवस्थितपणे, नाकापासून शेपटीपर्यंत. पण तो अंगठ्याचा ठसा अजून ओला वाटला. तो फिसकटेल म्हणून तेवढी जागा मी सोडली आणि वाळल्यावर मारू असं ठरवलं. नंतर मी ते साफ विसरले.

रविवारी आम्ही दोघं कोपरला गेलो. बाळारामदादांच्या घरात काशिनाथच्या फोटोला हार घातला होता. त्यांच्या घरवाली, जनाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. भाऊजींनी विमान त्यांच्या ओंजळीत ठेवलं. त्यांनी नाक चाचपलं, चाकं चाचपली, शेपटी चाचपली. "इतकुसा?" त्या म्हणाल्या.

"खरं याच्या बहात्तर पट मोठं, आई," भाऊजी म्हणाले. "काशिनाथ इथे उभा होता." आणि जनाबाईंचं बोट धरून त्यांनी पंखावर टेकवलं.

बोट उचललं तेव्हा त्याला काजळी लागलेली होती. ती वॉर्निश न लागलेली जागा होती. जनाबाईंनी बोटं एकमेकांवर घासली आणि ती नाकाशी नेली. रॉकेलचा वास येत असणार. "काशी रजेवर यायचा तवा त्याची बोटां अशीच," त्या म्हणाल्या. "राख लावा, लिंबू लावा, काला जायचा नाय. मी वरडायची, असे हातानं जेवू नको." सवयीने मी पिशवीतला नॅपकिन काढला होता. तो मी तसाच परत ठेवला. जनाबाईंनी ते बोट पदराला लागू न देता मांडीवर उताणं ठेवलं, आणि आम्ही निघालो तरी तसंच ठेवलं होतं.

परतताना आम्ही रस्त्याला लागलो. मी म्हटलं, "भाऊजी, तेवढी जागा माझ्याकडून राहिली."

"माहीत आहे," ते म्हणाले. "वहिनी, आयुष्यात एवढं एकच काम तुम्ही अर्धवट ठेवलंत."

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची विमानं मी ज्यांना हवी होती त्यांना दिली. शिट्टीच्या फराट्याचं तेवढं ओट्यासमोर टांगलेलं आहे. फोडणीच्या धुराने त्याचे पंख आता चिकट, तपकिरी झाले आहेत. कामाला येणारी संगीता दर दिवाळीला विचारते, "आजी, हे धुऊन देऊ?" मी नको म्हणते. तो मळ कुठून आला, हे मला माहीत आहे.