दारात उभे देव

आयरे गावात विकी गायकरला लोक अजूनही ऑक्टापॅडवाला विकी म्हणूनच ओळखतात. हळदीच्या बेंजो पार्टीत वाजवत वाजवतच तो मोठा झाला. दौलतशेठनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, घरामागे भाड्याच्या खोल्या बांधल्या, तेव्हा वरची एक खोली त्याने हट्टाने मागून घेतली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकल्या आणि मधोमध कॉम्प्युटर मांडला. दौलतच्या पोराने गाद्यांचं दुकान काढलं, असं शेजारी म्हणत. विकी हसून सोडून द्यायचा.

या खोलीत त्याला जोडीदार मिळाला तो सिद्धेश. घरची माणसं संगमेश्वरकडची, जन्म डोंबिवलीचा, नोकरी घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात. रोजच्या खोळंब्यात बसमध्ये बसून तो मराठीत रॅप लिहायचा. विकीचा बेंजो, हळदीचा ठेका आणि त्यावर सिद्धेशचे झपाझप शब्द, असं काहीतरी वेगळंच मिश्रण तयार झालं. तरीही गाणी मित्रांपलीकडे जात नव्हती.

ती गेली हौसाबाईंच्या आवाजावर. हौसाबाई दौलतशेठची आत्या आणि गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात देवांना मांडवात बोलावण्यापासून त्यांना निरोप देण्यापर्यंत प्रत्येक विधीला धवला गाणाऱ्या बाई त्या याच. एका लग्नात विकीने त्यांचं गाणं फोनवर घेतलं. देवांना हाक मारणाऱ्या चार ओळी कापल्या आणि त्याच पुन्हा पुन्हा फिरवत ठेवून खाली ठेका लावला आणि ते इंटरनेटवर टाकलं. गाणं कल्याणपासून ठाण्यापर्यंत हळदी-हळदीत वाजू लागलं. घोडबंदर रोडला हिपहॉपचा मोठा कार्यक्रम भरणार होता, त्याच्या आयोजक क्षिप्राने फोन करून दोघांना संध्याकाळची वेळ दिली. अट एकच, तेच गाणं हवं.

त्याच आठवड्यात टिटवाळ्याला नात्यातली हळद होती. धवला सुरू व्हायच्या आधीच डीजेवाल्याने हौसेने विकीचं गाणं लावलं. हौसाबाई मांडवात बसल्या होत्या. गाणं संपलं, पण त्या गाईनात. बायकांनी विनवलं, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "आता मी कनाला बोलवू? याच्या पेटीनं बोलवून दारान उभं केलंय देवांना."

नवरदेव पाटावर ताटकळला. शेवटी दौलतशेठनी हात जोडले, तेव्हा कुठे त्या उठून पुन्हा बसल्या आणि पहिल्यापासून गायल्या. विकी त्या दिवशी ऑक्टापॅडला हात न लावता मागे उभा होता.

देवांना हाक मारून असं दारात ठेवायचं नसतं, म्हणून घरी वडिलांनी गाणं काढून टाकायला सांगितलं. सिद्धेशला हे पटेना. तुकडा फिरवत ठेवणं हाच आपला धंदा, त्यावरच त्याने सगळे शब्द बसवले होते. "उद्या म्हणशील, ढोलकी वाजवून झाली की तिला रिक्षात बसवून घरी सोड," तो चिडून म्हणाला.

विकी हौसाबाईंकडे गेला. त्या ओटीवर सुपात सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होत्या. फोन कानाशी धरून त्यांनी अख्खं गाणं ऐकलं. ठेका बरा आहे म्हणाल्या, स्वतःचा आवाजही आवडला. राग सगळा त्या चार ओळींवर होता. देवाला हाक मारली की पाट द्यायचा, हळद द्यायची, मान देऊन वाटेला लावायचं. मध्ये थांबता येत नाही. मग पुढचं गाऊन दे, असं विकी म्हणाला, तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. लग्नाशिवाय धवला नाही.

विकीने इंटरनेटवरून गाणं काढून टाकलं आणि क्षिप्राला फोन केला. नवं करून आणतो, पण ते जुन्यासारखं नसेल, असं सरळ सांगितलं. तिने संध्याकाळची वेळ दुसऱ्यांना दिली. दुपारची घ्या, नाहीतर राहू द्या. विकीने दुपारची घेतली. सिद्धेश तीन-चार दिवस खोलीकडे फिरकलाच नाही.

खडवलीच्या लग्नात विकी माईक घेऊन हौसाबाईंच्या शेजारी दिवसभर बसून पहिल्या हाकेपासून निरोपापर्यंत सगळं टिपत राहिला. घरी येऊन कॉम्प्युटरवर लावलं, तर काहीच बसेना. बाईंची एक ओळ लांब, दुसरी आखूड. दम लागेल तिथे थांबायच्या, मन होईल तिथे ताणायच्या. मशीनचा ठेका पुढे निघून जाई. विकीने कितीतरी वेळा पुसलं, पुन्हा लावलं, आणि शेवटी मशीनचा ठेका बंदच केला. ऑक्टापॅड मांडीवर घेतलं आणि त्यांच्या श्वासामागून हाताने वाजवत गेला. सिद्धेश दारात येऊन ऐकत होता. आत आला आणि म्हणाला, "ती दम घेते ना, ती जागा माझी."

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. जुने शब्द जवळजवळ सगळे गेले. सिद्धेशच्या सर्वांत चांगल्या ओळी शेवटी होत्या, देवांच्या निरोपावर.

गाणं घेऊन दोघं पुन्हा ओटीवर गेले. सोड्यांचं सूप बाजूला सारून हौसाबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. देव बसले, हळद लागली, तोवर त्यांची मान डोलत होती. शेवटी मात्र कपाळाला आठी पडली.

"हा पोरगा कोन?"

"मीच, आजी," सिद्धेश म्हणाला.

"बोलतंस ग्वार, आयकाला बरा वाटतं. पन पावना जायाला निंगला, तवा त्याच्या अंगावर बोलत नसतात रं."

विकीने सिद्धेशकडे पाहिलं. त्या ओळींसाठी त्याने किती बस चुकवल्या होत्या, ते विकीला ठाऊक होतं. काढायच्या की ठेवायच्या, हे त्यालाच ठरवू द्यायचं होतं. सिद्धेशने सुपातला एक सोडा उचलला, परत ठेवला.

"काढतो," तो म्हणाला. "मग वाजवू ना?"

"वाजवा की," हौसाबाई म्हणाल्या आणि सूप जवळ ओढलं.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन कडक होतं आणि मैदान अर्धं रिकामं. पुढे बेंजो पार्टीची पोरं, मागे सावली शोधणारे लोक. गाणं मध्यावर आलं तसे ते लोकही उन्हात पुढे सरकले. शेवटाला सिद्धेशने माईक खाली केला. विकीने ऑक्टापॅडवरून हात उचलले. स्पीकरमधून देवांना निरोप देणारा एकटा हौसाबाईंचा आवाज, कधी लांब, कधी आखूड, मैदानावरून जात राहिला. संपलं की काय, हे कुणाला कळेना, म्हणून टाळ्या जरा उशिराच पडल्या. तोवर दोघं तसेच उभे होते.