डिस्क गेली, असं मी म्हणालो

ही गोष्ट माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघते आहे. बायकोला ठाऊक नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्हालाच का सांगतोय — ते माझं मलाही नीट कळलेलं नाही. ऐका फक्त.

जिंतूरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. घर बोरीच्या पुढं, खेड्यात. आमची जमीन चांगली, विहिरीला बारमाही पाणी, आणि गावात आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शब्दाला वजन. सिद्धार्थ माझा वर्गमित्र. आमच्याच गावच्या भीमनगरातला, आता वालूरला शिक्षक. त्याचे वडील तहसिलीत कारकून होते. मी त्यांना काका म्हणायचो, त्याच्या आईला मावशी. काका गेले, आणि काही दिवसांनी सिद्धार्थ आईला घेऊन दुकानात आला. हातात एक्स्टर्नल हार्ड डिस्क.

आजारपणात काका कॉम्प्युटरसमोर बसून आपल्या आयुष्याच्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवायचे — नातींसाठी. पुरं होईपर्यंत घरात कुणाला ऐकू द्यायचे नाहीत. सगळं त्या एकाच डिस्कमध्ये होतं, आणि ती टेबलावरून पडली. कॉम्प्युटरला लावली तर दिसेचना.

"बाकी गेलं तर जाऊ दे, बाबा," मावशी म्हणाल्या. "त्यांचा आवाज तेवढा निघाला तर लय बरं व्हईल."

मी म्हणालो, ठेवून जा.

काम अवघड नव्हतं — हेच तर सांगायचंय. केबल लावायची जागा तेवढी तुटली होती. अशा डबीच्या आत बहुतेक वेळा साधीच हार्ड डिस्क असते. ती बाहेर काढली, दुकानातल्या डेस्कटॉपचं झाकण उघडलं, आत मदरबोर्डवर एक पोर्ट मोकळा होता तिथं केबलनं जोडली, पॉवरची वायर दिली. कॉम्प्युटर चालू केला. दिसली! सगळ्या फायली जशाच्या तशा. आनंद झाला मला — खरंच झाला. आवाज नीट येतोय का बघावं म्हणून एक फाईल लावली.

मग दुसरी. ती लावायला नको होती का? कोण जाणे.

दुसरीत काका एका उन्हाळ्याचं सांगत होते. नवीन लग्न झालेलं, मावशी पोटुशी. भीमनगरातला आड आटला, म्हणून त्या आमच्या विहिरीवर पाणी आणायला गेल्या. आण्णांनी त्यांना अडवलं. भरलेली घागर त्यांच्याच हातानं मातीत ओतायला लावली. गडीमाणसं बघत होती, कुणीतरी हसलं. काका पोचले तेव्हा मावशी त्या चिखलात बसलेल्या होत्या. त्यांनी मावशींना उठवलं आणि घरी आणलं. "मी त्याला एक शब्द बोललो न्हाई," काका म्हणत होते, "त्याची लाज मला जलमभर हाय."

आण्णांचं नाव त्यांनी आडनावासकट घेतलं. आवाजात राग नव्हता. आणि मग म्हणाले, "त्याचं पोरगं मात्र तसं न्हाई. सिद्धूचा दोस्त हाय. त्याच्यावर कुणी राग धरू नका."

एवढं ऐकल्यावर माणसानं काय करावं? डिस्क नेऊन द्यावी.

आण्णा तेव्हा हयात होते. ओसरीवर बसून माझ्या मुलीला खेळवायचे. सिद्धार्थ हे ऐकेल, मग माझ्याकडे कसा बघेल? एवढंच डोक्यात होतं. एकच फाईल काढून टाकली असती तर? तेही पापच. पण मी तेवढ्यावरही थांबलो नाही. पुढच्या फायलींत काय असेल ते ऐकायची छाती झाली नाही — अख्खी डिस्कच पुसली. दुसऱ्या कुणाकडे नेली तरी काही निघू नये म्हणून वरून फालतू सिनेमे भरले, तेही पुसले. कसब होतं ना हातात!

सिद्धार्थला म्हणालो, "डिस्क गेली रे. आतूनच गेली."

"तू तरी काय करणार," तो म्हणाला. मावशींनी ती पदरात गुंडाळून नेली.

पुढं आण्णा वारले. तेराव्याला सिद्धार्थ चार शब्द बोलायला उभा राहिला. म्हणाला, आण्णांनी माणसामाणसांत कधी भेद केला नाही. मनापासून म्हणाला, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. लोकांनी माना डोलावल्या. बायकांच्या घोळक्यात मावशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी हात जोडून समोरच बसलो होतो. उठून बोलता आलं असतं. नाही उठलो.

बोलणं संपवून सिद्धार्थ माझ्यापाशी आला, त्यानं मला जवळ घेतलं, आणि मला रडू फुटलं. त्याला वाटलं, बापासाठी रडायलाय. मी तसंच वाटू दिलं.