गॅसवरची भाकर

आमच्या शाळेत दरवर्षी पर्यावरणाचा कार्यक्रम होतो. मुलं हिरव्या कागदाची पानं कापून फळ्याभोवती चिकटवतात, कुणीतरी पाहुणे येऊन प्लास्टिकच्या विरोधात बोलतात आणि प्लास्टिकच्याच बाटलीतलं पाणी पिऊन जातात. यंदा मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुमच्या माहेरी गोबरगॅस आहे ना? तुम्हीच बोला त्यावर." मी नाही म्हणाले, तेही जरा तोडूनच. मंठ्यातल्या त्या शाळेत मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे, त्यामुळे कुणी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर मला भाकरीपासून सुरुवात करावी लागली असती.

माझं माहेर केदारखेड्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. आईला मी बाई म्हणायचे आणि वडिलांना दादा. बाईच्या हातून एखादी वस्तू घराबाहेर जाणं मुश्किल. तेलाचा डबा गळायला लागला की त्यात कोथिंबीर. खताच्या रिकाम्या पोत्याची पायपुसणी. जुन्या लुगड्यांची वाकळ, वाकळ विटली की तिचे तुकडे गरम भांडी उतरवायला. आता शाळेत या सगळ्याला मोठमोठी नावं आहेत आणि त्यावर प्रकल्पवह्या भरून घेतात. बाई त्याला काहीच म्हणायची नाही. तिला फेकवत नव्हतं, एवढंच.

गोबरगॅस दादांनी बसवला तो तिच्यासाठीच. समज आल्यापासून ती चुलीपुढे बसलेली. पऱ्हाट्या, तुराट्या, गवऱ्या, पावसाळ्यात सगळंच ओलं. डोळे कायम लाल आणि खोकला तर इतका जुना की तो ऐकूनच घरात बाई कुठं आहे ते कळायचं. दादांनी गोठ्याशेजारी खड्डा खणला, गवंडी बोलावून तो बांधून घेतला आणि जालन्याहून लोखंडी टाकी ट्रॅक्टरमधून आणली. खाली कालवलेलं शेण, वर ती पालथी टाकी. गॅस साठला की टाकी आपोआप वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. सगळा गाव बघायला आल्ता. मी तेव्हा कॉलेजात होते.

पहिल्या दिवशी शेगडी पेटली तेव्हा बाई कितीतरी वेळ त्या निळ्या जाळाकडे बघत राहिली. धूर कुठून निघतो ते ती शोधत होती. मग तिनं चहा केला, वांग्याची भाजी केली आणि शेवटी भाकरी थापली. दादा जेवायला बसले. पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "चुलीवरची मजा न्हाई याला."

दादांचं बोलणं तसंच होतं. भाजीत मीठ बरोबर असलं तरी ते थोडं जास्त, पाऊस वेळेवर आला तरी तो जल्दी. नावं ठेवल्याशिवाय त्यांना वस्तू आपली वाटत नसे. आम्ही कुणी ते मनावर घेत नव्हतो. बाईनं मात्र घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून चहा, भाजी, वरण गॅसवर आणि भाकरी चुलीवर. आमच्याकडे स्वयंपाक म्हणजे मुळात भाकरीच. घरच्यांच्या, शेतावर जाणाऱ्यांच्या, दोन्ही वेळच्या. म्हणजे धूर होता तिथंच राहिला. मी सुट्टीत आले की चिडायचे. "एवढा गॅस बसवला तो काय शोभेला?" बाई निखाऱ्याला भाकरी टेकवत म्हणायची, "एवढ्यानं काय होतंय? तुह्या बापाला आरावरचीच लागती." आणि दादा कांदा फोडून ती भाकरी निवांत खायचे. इतकी वर्षं ते असंच चाललं.

मग तिचा श्वास पुरेना झाला. अंगणातून पाण्याचा हंडा घेऊन यायची आणि उंबऱ्यावर बसून राहायची. जालन्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरून पाहिला आणि विचारलं, "घरात चूल आहे का?" मीच हो म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "धूर बिलकुल बंद. आता तोच खरा इलाज."

घरी आल्याबरोबर दादांनी कुदळ घेऊन चूल फोडली. बाई ओरडली, "आवं, चूल मोडत्यात का कुठं जित्त्या घरात?" आमच्याकडे चूल सारवतात, सणाला पूजतात, ती मोडणं म्हणजे घर बसणं. बाई त्या ढेकळांजवळ बसून रडली. मी तिला गप्प करत होते.

पंधरवड्यानंतर मी गेले होते. दादा जेवत होते. एक घास खाल्ला, ताटातल्या भाकरीकडे पाहिलं आणि ते उठून घरामागं गेले. तिथं न्हाणीच्या भिंतीआड तीन विटा मांडलेल्या होत्या, आतली राख अजून गरम. भाकरीला धुराचा वास लागला म्हणूनच त्यांना कळलं होतं. त्यांनी लाथेनं विटा उडवल्या. "मी मेली आसती का एका भाकरीनं?" बाई म्हणाली. दादांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. त्यानंतर ती सगळं गॅसवर करायला लागली.

पण आता गॅसच पुरत नव्हता. ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले होते, म्हशींचं करणं होईना म्हणून त्या विकल्या होत्या. दावणीला एकच गाय, तीही म्हातारी. तेवढ्या शेणावर टाकी जेमतेम हलायची. मी हट्टानं सिलिंडर आणून दिलं तर बाईला त्याची भीती. भडका होईल म्हणून तिनं त्यावर पोतं टाकलं, ते दाराबाहेर काढलं आणि परत हात लावला नाही. मी संतापले, बोलले, रुसून परत आले. तिच्यावर त्याचा ढिम्म परिणाम झाला नाही.

मग दादा घमेलं घेऊन गावच्या जनावरांमागं जायला लागले. पांढरं धोतर, डोक्याला पटका आणि हातात शेणाचं घमेलं. आमच्याकडे शेण गोळा करणं हे बायकांचं काम. पारावरची माणसं हसायची. "काय दादा, गवऱ्या थापून राह्यले का आता?"

"न्हाई," दादा म्हणायचे, "बायकोच्या गॅसला जमा करून राह्यलो."

चारचौघांत बायकोचं नाव काढणं त्यांना आयुष्यभर जमलं नव्हतं. ते मला गावातल्या एका काकूंनी सांगितलं. काकू हसत होत्या. मला हसू आलं नाही.

हिवाळ्यात गॅस आणखी कमी झाला, कारण थंडीत शेण आंबत नाही. दादा पाण्याच्या घागरी उन्हात ठेवायचे आणि त्या कोमट पाण्यात शेण कालवायचे. टाकीभोवती कडबा रचला. वर बाईच्या जुन्या वाकळा पांघरल्या. "माणसाला ठेवा की येखादी," बाई खाटेवरून म्हणायची आणि तेवढ्या बोलण्यानं तिला धाप लागायची. चहा आणि एका वेळचं जेवण एवढाच गॅस निघायचा. दादांनी रात्री शिळी भाकर खायला सुरुवात केली. सकाळची ताजी मात्र ते बाईसमोर बसून खायचे आणि सांगायचे, "चांगली झाली."

"खोटं बोलून राह्यले तुमी," ती म्हणायची. "मला म्हाईत न्हाई का तुम्हाला कशी लागती ते?"

त्यांनी कितीदा सांगितलं. तिनं एकदाही मानलं नाही.

होळीनंतर ऊन तापलं. टाकी हळूहळू वर यायला लागली. दादांनी मला फोनवर सांगितलं, "आता दोन्ही टाइमाचं भागतंय बघ." त्याच आठवड्यात बाई गेली. दुपारी, खाटेवर बसल्या बसल्या, एक श्वास घेऊन दुसऱ्याची वाट बघत असताना.

सुतकात घरचा जाळ पेटवत नाहीत. जेवण भावकीतून यायचं, झाकलेल्या ताटांतून. पण दादा सकाळी उठून घमेलं घ्यायचे. मी म्हणाले, "दादा, कुणासाठी?" ते म्हणाले, "पोटात टाकलं न्हाई तर बंद पडतंय ते." कालवलेलं शेण जात होतं, गॅस कुणी वापरत नव्हतं. टाकी वर येत गेली. दहाव्यापर्यंत ती अशी उभी राहिली की इतक्या वर्षांत तिला तशी मी कधी पाहिली नव्हती. जास्तीचा गॅस कडेनं बुडबुडे काढत बाहेर जात होता. दादा शेजारच्या दगडावर बसून ते बघत होते. मला राग आला. टाकीचा, त्या डॉक्टरचा, बाईच्या हट्टाचा आणि सगळ्यात जास्त दादांच्या त्या पहिल्या दिवशीच्या वाक्याचा. ते तोंडावर फेकावं इतका राग आला, पण समोरचा माणूस इतका वाळून गेला होता की मी घरात निघून गेले आणि तोंडाला पदर लावून रडले.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दारात येऊन म्हणाले, "गॅस वाया चाललाय. भाकर टाक माय."

मी पीठ मळलं. तिच्याच काठवटीत, तिच्याच तव्यावर. शेगडीवर भाकरी टम्म फुगली, कुठंही धूर नव्हता. दादांनी कोपऱ्यातल्या त्यांच्या जागेवर बसून पहिला घास खाल्ला आणि हात तसाच ताटात राहिला.

"कशी लागती?" मी विचारलं.

"चांगली," ते म्हणाले. मग शेगडीकडं बघत, "तव्हाबी अशीच लागली व्हती. मी उगंच बोल्लो."